पंजा खाली ठेवताना

मुलुंडच्या एका लाकडाच्या वखारीत मी ओंडके उचलणाऱ्या यंत्रावर लागलो, तो मेलेल्या माणसाच्या जागेवर. पन्नासचं दशक सरत आलं होतं. यंत्र परदेशातून जुनं म्हणून आणलेलं, तेलाच्या दाबावर चालणारं, पुढे लोखंडी पंजा. माझ्या आधीचा ड्रायव्हर पंज्यात अडकलेली साल काढायला उचललेल्या पंज्याखाली शिरला आणि पंजा खाली आला. तेलाची नळी फुटली होती म्हणे. मालकाने नळी बदलली आणि हात झटकले.

पहिल्याच संध्याकाळी मी पंजा जमिनीवर टेकवायला लागलो, तर मुकादम धावत आला. "वरच राहू दे रे! तो येऊन ठेवतो."

"कोण तो?"

मुकादमाने यंत्राकडे बघून हात जोडले. मग हळूहळू कळलं. कामगार बहुतेक कोकणातले. अपघातानंतर त्यांनी यंत्रापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, की तुझं राहिलेलं काम तू रोज पुरं कर, पण आमच्यातल्या कुणाला धरू नको. सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं होतं. तेव्हापासून काम सुटताना पंजा वर सोडायचा रिवाज पडला, आणि सकाळी तो खाली आलेला असायचा.

भुताखेतांच्या गोष्टींची मला भारी चीड. पण सकाळी पंज्याचे दात चिखलात रुतलेले पाहिले आणि माझी मिजास उतरली. लिव्हरला हात लावला. तो गार होता, तरी नुकताच कुणीतरी सोडलाय असं वाटलं. दिवसभर मी पाठीमागे बघत काम केलं.

असा जीव मुठीत धरून किती दिवस काढणार? एका संध्याकाळी इंजीन बंद केलं, सिलिंडरच्या दांड्यावर खडूची रेघ ओढली आणि लांब जाऊन बसलो. वखारीत कसला म्हणून आवाज नव्हता. रेघ हळूच आत सरकत होती आणि पंजा, कुणीतरी जपून उतरवावा तसा, खाली येत होता. नळ्यांच्या जोडांवर पुठ्ठा फिरवून पाहिला, कोरडा. म्हणजे तेल आतल्या आत पलीकडे जात होतं, दट्ट्याचं पॅकिंग झिजलं होतं. दिवसा पंपाच्या जोरापुढे ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. कारण कळलं, तरी फाटकापर्यंत मी मागे वळून बघतच गेलो.

मी मालकाच्या मागे लागलो. तो म्हणाला, यंत्र चालतंय ना?

त्याच आठवड्यात मी त्या ड्रायव्हरच्या बायकोला पाहिलं. ती वखारीमागच्या चाळीत राहायची. सगळे गेल्यावर चहाचा कप घेऊन आली आणि सरळ पंज्याखाली जाऊन बसली. कप ठेवला, नवऱ्याशी बोलू लागली, घरातलं, पोरीचं, नळाच्या भांडणाचं. पंजा तिच्या डोक्यावर उतरत होता. 

"वहिनी, बाहेर या!" मी ओरडलो.

तिने शांतपणे वर पाहिलं. "वराडतास कित्याक? ते माका काय करूचे नाय."

मी तिला हाताला धरून ओढलं. परक्या बाईचा हात धरलाय हेही सुचलं नाही. ती रोज येणार हे दिसत होतं, आणि रोज मी तिथे असणार नव्हतो.

दुसऱ्याच दिवशी मी मालकाशी कडाकडा भांडून पॅकिंग आणवलं. पंज्याखाली जाड ओंडक्यांचा आधार रचला, इंजीन बंद केलं, लिव्हर पुढेमागे करून उरलेला दाब सोडला आणि मगच सिलिंडर खोलला. आत लाकडाचा भुसा तेलात मिसळून चिखल झाला होता, पॅकिंगच्या चिंध्या झाल्या होत्या. मला त्या माणसाची फार दया आली. नळी बदलली, पण त्याला मारणारं खरं दुखणं हे आतलंच असेल, तर?

त्या संध्याकाळी कस बघायचा म्हणून पंजा वर ठेवला आणि भोवती दोरी बांधून मुकादमाला राखणीला बसवलं. सकाळी पंजा होता तिथेच होता.  ड्रायव्हरची बायको आज सकाळीच येऊन दोरीबाहेर उभी होती, हातात कप.

"आज ते येऊक नाय," ती म्हणाली.

तिला तेल, पॅकिंग, दट्ट्या सगळं सांगायचं मी ठरवून आलो होतो. ते न सांगताच मी दोरी सोडायला लागलो. आपण त्या माणसाला दुसऱ्यांदा मारलं असं मला वाटलं, आणि ते आजही वाटतं.

त्या दिवसापासून काम सुटताना मीच पंजा जमिनीवर टेकवू लागलो. मुकादमानेही अडवलं नाही. ती येई, खाली टेकलेल्या पंज्याशेजारी कप ठेवी, बोले, जाई. मला वाटलं, तिची समजूत पटली, आजही तोच ठेवून गेला असं ती धरून चालते.

एकदा घाईत माझ्याकडून लिव्हर जोरात दाबला गेला. पंजा धाडकन आदळला. ती कप घेऊन फाटकातच उभी होती.

"जरा हळू ठेवा, भावजी," ती म्हणाली. "ह्यांनी कधी आपटूक नाय."