मेधाताईंचं रविवारचं कोर्ट

गुन्ह्यांचा कायदा शिकणारी माणसं एका किचनमध्ये बसवली की किस्से आपोआप साठत जातात, सिंकमधल्या भांड्यांसारखे. मी कोल्हापूरला परत येऊन वर्ष होत आलं. इथल्या बार रूममधले मित्र मला "ऑस्ट्रेलिया रिटर्न" म्हणून चिडवतात आणि चहा आला की म्हणतात, "सांग गं तुझ्या त्या किचन कोर्टातलं काहीतरी." म्हणजे चेष्टा माझी आणि करमणूक त्यांची. मला चालतं. कारण कायद्यावर माझं जे काही वेडं प्रेम आहे, ते लेक्चर हॉलमध्ये नाही, त्या किचनमध्ये जडलं.

तेव्हा ब्रिस्बेनला आपली मुलं इतकी जात होती, की भाड्याची खोली मिळणं हीच पहिली परीक्षा असायची. मला स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात मेधाताई आणि संजयदादांच्या घरात मागची खोली मिळाली. संजयदादा आयटीत. मेधाताई सोलापूरच्या वकील. लग्नानंतर तिकडे गेल्या आणि सनद सुटकेसमध्ये गेली. तिथे वकिली करायची तर काही विषय पुन्हा द्यावे लागतात. चाळिशीत त्या माझ्याच वर्गात येऊन बसल्या.

बाकी सगळे विषय त्यांनी सोडवले. अडला तो क्रिमिनल लॉ. त्यात तोंडी परीक्षा असते, म्हणजे खोटं कोर्ट भरवतात, त्याला मूट म्हणतात, आणि तिथे उभं राहून बाजू मांडायची. आदल्या वर्षी मेधाताई उभ्या राहिल्या, फाईल उघडली, आणि इंग्रजीतलं एक वाक्य बाहेर येईना. शेवटी खाली बसल्या. नापास.

"या वेळी नाही जमलं तर बास," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "चाइल्डकेअरमधली नोकरी बरी आहे. मुलं माझं इंग्लिश समजून घेतात."

* * *

रविवारचं कोर्ट ही त्यांचीच कल्पना. आठवडाभरात घरात जो काही गुन्हा घडेल, त्याचा खटला रविवारी आर्वोला, म्हणजे तिकडच्या बोलीत दुपारी, चहाबरोबर चालवायचा. जज संजयदादा, कारण त्यांना कायद्यातलं काहीही कळत नव्हतं. फिर्यादी पक्ष मी. आरोपीच्या वकील कायम मेधाताई. आमच्या वर्गातला लियाम हा जवळच्याच इप्सविचचा उंच, लाजाळू मुलगा पोह्यांसाठी म्हणून यायचा, तो बहुतेक वेळा आरोपीच असायचा.

मेधाताई मराठीत बोलायच्या, मी लियामसाठी भाषांतर करायचे. पुढे पुढे त्याने मला थांबवायला सुरुवात केली. म्हणायचा, कळलं, पुढे जाऊ दे.

पहिलाच खटला त्याचा. तो स्टुलावर चढला होता, वरचं कपाट उघडलं होतं, चकल्यांच्या डब्याचं झाकण काढलं होतं आणि हात डब्यावर होता. तेवढ्यात मी आत आले.

तिथल्या कायद्याचं म्हणणं असं, की गुन्ह्याची नुसती तयारी म्हणजे गुन्ह्याचा प्रयत्न नव्हे. तयारीच्या पुढे पाऊल पडायला हवं. मेधाताई चहा ढवळता ढवळता बोलत होत्या. स्टूल ही तयारी, कपाट ही तयारी, झाकण काढणं हीसुद्धा तयारीच, माणूस वास घ्यायलाही झाकण काढतो. चकलीला बोट लागलंय का? नाही. मग सोडा त्याला.

जज विरघळले होते. निर्दोष म्हणणार, एवढ्यात लियाम अपराधी चेहऱ्याने उठला.

"मेट, मी अख्खा डबा संपवणार होतो."

मेधाताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, वकील दिलाय ना तुला? मग गप्प बस की."

* * *

सप्टेंबर आला की तिकडे मॅगपाय पक्षी अंडी घालतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक डोक्यावर झडप घालतात. पोस्टमनपासून पोलिसांपर्यंत कोणाला सोडत नाहीत. संजयदादा स्टेशनकडे सायकलने निघाले होते. मॅगपाय आला, आणि त्यांनी हातातला जेवणाचा डबा त्याच्यावर फेकला. पक्ष्याला काही झालं नाही. डबा रस्त्याकडेच्या तळ्यात गेला.

रविवारी जजच आरोपी झाले. बचाव एकच, स्वसंरक्षण. स्वसंरक्षणात वापरलेलं बळ हल्ल्याच्या प्रमाणात हवं, म्हणून मी विचारलं, डब्यात काय होतं?

"कारल्याची भाजी," दादा म्हणाले.

मेधाताईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. मग अगदी शांतपणे आपल्याच अशिलाला विचारलं, "पक्षी आधी आला, की डबा आधी उघडून बघितलात?"

दादांनी चहाचा कप पुढे ओढला. "मी काही न बोलण्याचा हक्क वापरतो."

त्यानंतर त्या घरात महिनाभर कारलं झालं नाही. तोच निकाल समजायचा.

* * *

दादांच्या आई सोलापूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. लियाम तेव्हा फुटीच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या, टीमसाठी वजन उतरवत होता आणि गोड सोडल्याचं त्याने सगळ्यांना जाहीर सांगितलं होतं. त्या रविवारी त्याच्या पानात चौथी पुरणपोळी दिसली.

त्याने बचाव मांडला, जबरदस्ती. मी उठून सांगितलं, की जबरदस्तीच्या बचावाला धमकी लागते, तीही जिवाची किंवा मोठ्या इजेची. आईंनी धमकी दिली का? एक शब्द तरी बोलल्या का?

"नाही बोलल्या," लियाम म्हणाला. "बघितलं फक्त."

सगळ्यांनी आईंकडे पाहिलं. आई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण पोराची चौकशी चाललीय एवढं कळलं असावं. त्यांनी तेवढ्याच शांतपणे माझ्या पानात पोळी वाढली.

मी फिर्याद मागे घेतली.

* * *

मेधाताईंची मुलगी इरा. तिला मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत. आमचा अभ्यास ऐकून ऐकून तिला एक नियम पाठ झाला होता, की दहा वर्षांखालच्या मुलावर गुन्हा लागतच नाही.

दहावा वाढदिवस सोमवारी होता. रविवारी सकाळी तिने स्वतःच्या केसांची पुढची बट कापली, कंडेन्स्ड मिल्कचा डबा चमच्याने संपवला आणि हॉलच्या भिंतीवर मार्करने घोडा काढला. चांगला मोठा घोडा. मेधाताई घोड्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा इरा घाबरलेली अजिबात नव्हती.

"लास्ट डे, मम," ती म्हणाली. "उद्यापासून नाही करता येणार."

दुपारी खटला उभा राहिला आणि मेधाताई तिच्या बाजूनेच लढल्या. बट गेली त्याचं वाईट वाटत होतं, तरी लढल्या. कायदा स्पष्ट होता, इरा सुटली.

मग सगळे मिळून भिंत पुसत होतो. घोडा काही जाईना. इरा आईला चिकटून उभी राहिली आणि तिने हळूच विचारलं, उद्यापासून माझी बाजू कोण घेणार?

"मीच," मेधाताई म्हणाल्या. "फक्त उद्यापासून काहीतरी कारण घेऊन येत जा."

घोडा मी निघाले तेव्हाही भिंतीवर होता.

* * *

आता मूटचं सांगते.

केस अशी होती. एक तरुण दागिन्यांच्या दुकानाच्या मागच्या पायरीवर सापडला. पिशवीत हत्यारं, हातात सँडविच. कुलपाला हात लावलेला नाही. घरफोडीचा प्रयत्न म्हणायचा, की नुसती तयारी? चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या. फिर्यादीकडून लियाम आणि बचावाला मेधाताई.

पुढचे सगळे रविवार त्या एकाच खटल्याचे झाले. मेधाताई पोळ्या लाटताना मराठीत असं काही बोलायच्या की माझ्या अंगावर काटा यायचा. इंग्रजीत सुरू केलं, की दुसऱ्या वाक्याला थांबायच्या. लियाम समोर बसून सगळं ऐकायचा. मी त्याला म्हटलं, तू विरोधी पक्ष आहेस, जा ना घरी. त्याने पोहे मागितले.

परीक्षेच्या सकाळी मेधाताईंनी काळा कोट घातला आणि मला गाडीत सांगितलं, की चाइल्डकेअरमध्ये पूर्ण वेळ घेतील का असं त्यांनी विचारून ठेवलंय. दादा गाडी चालवत होते. ते एक वळण चुकले.

जज होत्या एक निवृत्त मॅजिस्ट्रेट बाई. लियाम आधी बोलला आणि चांगला बोलला. मग त्यांनी मेधाताईंकडे पाहिलं.

मेधाताई उभ्या राहिल्या. फाईल उघडली. "युवर ऑनर," म्हणाल्या, आणि थांबल्या. मी मागे बसून पेनचं टोपण चावत होते. बाईंनी हळूच सांगितलं, हवा तेवढा वेळ घ्या.

आणि मेधाताई बोलायला लागल्या. मराठीत.

त्यांना कळलंच नाही. त्या थेट किचनमध्ये पोचल्या होत्या. तो पोरगा पायरीवर बसलाय, म्हणाल्या, सँडविच खातोय. उठून कुलपाकडे जायचं की घराकडे, हे त्याचं त्यालाही अजून ठरवता आलेलं नाही. मग ते त्याच्या आधी आपण कोण ठरवणार? कायद्याने तयारी आणि प्रयत्न यांच्यात जी जागा ठेवलीय, ती माणसाला घरी परत जायला ठेवलीय. हात टेबलावर, मान ताठ, आवाज शेवटच्या बाकापर्यंत. सोलापूरच्या कोर्टात त्या कशा दिसत असतील ते मला तेव्हा दिसलं.

बोलणं संपलं. मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. त्या खुर्चीचा हात शोधायला लागल्या.

"थांबा," मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या. "बसू नका. इथे कोणाला ही भाषा येते का?"

मी उठायला लागले. माझ्याआधी लियाम उठला.

"मला थोडी येते, युवर ऑनर."

"तुम्ही तर यांच्या विरोधात आहात."

"हो," लियाम म्हणाला. "माझ्यासाठी वाईटच आहे हे."

आणि त्याने इंग्रजीत सांगितलं. पायरी, सँडविच, घरी परत जायची जागा. स्वतःची केस पाडत, कान लाल झालेले, पण एकेक मुद्दा सरळ. सांगून झाल्यावर तो बसला आणि त्याने आपली फाईल बंद केली.

बाई मेधाताईंकडे वळल्या. "यांनी सांगितलं ते बरोबर आहे का?"

मेधाताई लियामकडे बघत होत्या. मग त्यांनी कोट खाली ओढून सारखा केला, आणि इंग्रजीत, अगदी सावकाश म्हणाल्या, "बहुतेक बरोबर आहे, युवर ऑनर. पण माझा सगळ्यात चांगला मुद्दा त्याने गाळला. तो मी सांगते."