परमेश्वरची वाइड लेन्स

घाटनांदूरच्या परमेश्वरचे आईवडील ऊसतोडीला जायचे. काही हंगाम कोयता त्यानंही धरला. मग एका लग्नात व्हिडिओवाल्याच्या हाताखाली दिव्याचा स्टँड धरायचं काम मिळालं, आणि तो पुन्हा फडात गेला नाही. रोलचा कॅमेरा शिकला, मग डिजिटल, आणि अलीकडं मिररलेस. आमच्या भागात कुणाकडं लग्न ठरलं, की तारीख काढल्यावर पहिला फोन आचाऱ्याला आणि दुसरा परमेश्वरला जायचा.

त्याची एक अडचण कायमची होती. मंडपात जागा भरपूर, पण घरातले विधी दहा बाय दहाच्या खोलीत. हळद लागताना भिंतीला पाठ टेकली तरी नवरी आणि तिची आई एका फोटोत मावायची नाहीत. त्यासाठी जवळूनही सगळं मावणारी वाइड लेन्स हवी. ऑटोफोकसवाली वाइड म्हणजे दुभती म्हैस विकत घेण्यासारखं होतं. बीडच्या बंकटनं त्याला शेळी दाखवली. बंकट म्हणजे एस.टी. स्टँडजवळ कॅमेऱ्याचं दुकान चालवणारा त्याचा जुना दोस्त.

"बारा एम.एम. हाय. फोकस हातानं करावा लागतो, म्हणून स्वस्त," बंकट म्हणाला. "ही रिंग फिरवायची. बाकी काच लई चांगली हाय."

परमेश्वरनं ती घेतली. आजवर तो कॅमेरा हातभर लांब धरून मागच्या स्क्रीनकडं दोन्ही डोळ्यांनी बघत फोटो काढायचा. फोकसचं काम कॅमेरा करायचा. आता बारीक बघायचं म्हणून त्यानं कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला, व्ह्यूफाइंडरला, उजवा डोळा लावायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी त्याला घराच्या दाराची चौकट मधोमध फुगलेली दिसली. स्वस्त वाइड लेन्स रेषा वाकवते, हे त्यानं ऐकलं होतं. त्यामुळं त्याला काही वाटलं नाही.

त्या लेन्सचं पहिलं मोठं काम विठ्ठलरावांच्या घरी होतं. विठ्ठलराव म्हणजे मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणात वजन असलेला माणूस. त्यांची नात आरोही हिचं लग्न. मंडपात निघायच्या आधी आरोही देवघरात पणजीच्या पाया पडली. पणजी छबुबाई, नव्वदीच्या पुढची, घराबाहेर न पडणारी. तिनं दोन्ही हातांत पोरीचं तोंड धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. देवघर लहान, उजेड समईचा आणि एका बल्बचा. परमेश्वर जवळ बसून रिंग फिरवत होता, फोटो काढत होता. काढलेले फोटो त्यानं स्क्रीनवर पाहिले. छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात.

पंधरवड्यानं तो पेनड्राइव्ह घेऊन वाड्यावर गेला. बैठकीत टीव्हीला जोडून सगळे बघायला बसले. मंडपातले फोटो जुन्या लेन्सचे होते, ते छान होते. मग देवघर आलं. छबुबाईच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख न् तारीख वाचता येत होती, आणि म्हातारीचा चेहरा धुरासारखा झाला होता. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचा तसाच. देवघरातला एकही फोटो धड नव्हता.

विठ्ठलरावांचा मुलगा अमरसिंह, म्हणजे आरोहीचा बाप, त्यानं रिमोट खाली ठेवला.

"त्या दिवशी पिऊन आलतास का बे?" त्यानं विचारलं.

परमेश्वर आयुष्यात प्याला नव्हता. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एखादा फोटो हुकला असेल, पण पूर्ण विधी गेला, असं कधी झालं नव्हतं. तो कसाबसा म्हणाला, "मालक, लेन्स खराब निघाली," आणि तिथून उठला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो बीडला गेला. बंकटसमोर त्यानं लेन्स काउंटरवर ठेवली.

"ही परत घे. फोकस लागत न्हाई, आन् रेषा वाकवती."

"वाकवती, पण कडंला," बंकट म्हणाला.

"कडंला न्हाई. बरोबर मधोमध."

"मधोमध कावून वाकवंल?" असं म्हणून बंकटनं लेन्स कॅमेऱ्याला लावली, समोरच्या कपाटाचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा केला. "दाखव, कुठं वाकडं हाय?"

परमेश्वरनं पाहिलं. कपाटाच्या कडा सरळ होत्या. त्यानं कॅमेरा घेतला, उजवा डोळा लावला. कडा मधोमध फुगलेल्या.

"हे बघ की, वाकडं हाय."

बंकटनं त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. "आता कॅमेरा न्हाई. डावा डोळा झाक आन् कपाटाकडं नुसतं बघ."

परमेश्वरनं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. कपाट वाकलं. तो वळला. दुकानाचं शटर वाकलं. रस्त्यापलीकडचा विजेचा खांब मधोमध वितळल्यासारखा झाला. त्यानं बंकटकडं पाहिलं, तर जिथं नाक-तोंड हवं तिथं एक मळकट डाग होता, कान तेवढे नीट होते. हात काढला की सगळं पुन्हा सरळ. त्यानं तीनदा-चारदा हात ठेवला, काढला. मग तो स्टुलावर बसला. किती दिवस हे असं होतं, त्याला आठवेना, कारण त्याला कळलंच नव्हतं.

बंकटनं दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि त्याला रिक्षात घालून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, स्कॅन काढला, बोटातून रक्त घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला शुगर आहे, माहीत होतं का?"

"न्हाई."

"बरीच वर्षं असावी. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आलीय. डावा डोळा भरून काढत होता, म्हणून लक्षात आलं नाही." त्यांनी दुसऱ्या डोळ्याचा स्कॅन पुढं केला. "डाव्यातही सुरुवात आहे."

परमेश्वर भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीकडं बघत राहिला. सूज उतरायला डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, शुगर आवरावी लागेल, असं त्या सांगत होत्या. त्यातलं 'डोळ्यात' एवढंच त्याच्या कानात शिरलं. बाकीचं बंकटनं ऐकून घेतलं.

घरी त्यानं बायकोला, वर्षाराणीला सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "चहा वतताना तुमी कपाच्या भाईर सांडायचे. मला वाटायचं, तुमचं ध्यान न्हाई. मी वरडायची."

पहिलं इंजेक्शन झाल्यावर तो विठ्ठलरावांकडं गेला. डोळ्यावर पट्टी तशीच होती. "मालक, लेन्स खराब नव्हती. माझा डोळा गेला होता," असं त्यानं सरळ सांगितलं आणि देवघरात पुन्हा फोटो काढून देतो म्हणाला. अमरसिंह मान खाली घालून मोबाइल बघत होता. पट्टीकडं त्यानं एकदाच पाहिलं. विठ्ठलरावांनी आत निरोप पाठवला. आतून छबुबाईचाच आवाज आला.

"आशीर्वाद काय नाटक हाय व्हय, पुन्यांदा करायला? दिला तो दिला."

तो फोटो असा कायमचाच गेला. विठ्ठलरावांनी त्याला चहा पाजला, औषधपाणी विचारलं. पण धाकट्या नातवाच्या लग्नाला त्यांनी परळीचा फोटोग्राफर बोलावला.

इंजेक्शनांनी उजव्या डोळ्यातल्या रेषा पुष्कळ सरळ झाल्या. मधला डाग मात्र फिकट होऊन राहिला. परमेश्वरनं कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायची सवय केली. सुरुवातीला नाक मधे यायचं, हात आपोआप उजवीकडं जायचा. बंकटनं त्याला लेन्सच्या रिंगवरचे अंतराचे आकडे वापरायला, म्हणजे माणूस किती लांब आहे ते धरून फोकस लावायला शिकवलं. आता वर्षाराणी कामावर सोबत असते. प्रत्येक विधी झाला, की ती स्क्रीनवर चेहरा मोठा करून बघते, आणि ठीक असला तरच मान हलवते. काही घरांत बाई कॅमेऱ्यापाशी कावून, असं विचारलं गेलं. मग विचारेनासे झाले.

तपासणीला तो अजून बीडला जातो. थेंब घातले, की संध्याकाळपर्यंत ऊन डोळ्यांत घुसतं आणि सगळंच धूसर दिसतं. परवा मी बीडच्या स्टँडवर उतरलो, तर तो काळा चष्मा लावून गावाकडच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला होता. माझ्या आवाजावरून त्यानं ओळखलं.

"अंबाजोगाईची गाडी लागली का बघा," तो म्हणाला. "मला बोर्ड दिसंना."