पंचविसाव्या वर्षी म्हातारी

पंचविसाव्या वर्षी मी म्हातारी झाले आणि नंतर बरीच वर्षं म्हातारीच राहिले.

तेव्हा मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. कचेऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत दोनदा काम केलं होतं, तेवढ्यावरून एका व्यावसायिक नाटकाच्या दिग्दर्शकांनी मला लक्षात ठेवलं होतं. त्यांच्या नाटकात आजीचं काम करणाऱ्या बाई जिन्यावरून घसरल्या, पाय मोडला आणि पुढचा प्रयोग दहा दिवसांवर आलेला. मला बोलावून त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "त्यांची पोलकी तुला होतील." माझी निवड का झाली याचं याहून मोठं कारण त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

पहिल्याच तालमीत मी वाकले, खोकले, आवाज कापरा केला. त्यांनी वही मिटली. "म्हातारपण आवाजात नसतं गं. घरी कुणी म्हातारं आहे का? मग जा, त्यांच्याकडे बघत बस."

घरी सासूबाई होत्या.

मुलुंडला, लांबलचक गॅलरीच्या टोकाला आमच्या दोन खोल्या. नवरा जवळच्याच एका कारखान्यात फिटर होता. तो सकाळी गेला की दिवसभर आम्ही दोघीच. सासूबाई मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या, त्यांचा नवरा लवकर वारला, मग गिरणीत लागल्या. सूत बॉबिनवर गुंडाळायच्या खात्यात वीसेक वर्षं काढली. मग गिरण्यांचा तो मोठा संप झाला, गिरणीचं फाटक बंद झालं ते त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. खरं तर त्यांनी साठीही गाठली नव्हती. पण त्या दोन-तीन वर्षांत त्या एकदम म्हाताऱ्या झाल्या, जणू कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आता काही काम नाही, म्हातारी हो.

मी दहा दिवसांची रजा टाकली आणि तांदूळ निवडायचं निमित्त करून त्यांना बघत बसले.

त्या दुपारी मला अजून दिसतात. खिडकीच्या हिरव्या काचेतून येणारा उजेड खोलीभर पसरायचा आणि भांडी, पलंग, आम्ही दोघी, सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं वाटायचं. शेजारच्या घरात रेडिओ पुटपुटायचा. सासूबाई भिंतीला टेकून पेंगायच्या, पण त्यांचा उजवा हात झोपायचा नाही. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायचं. मी मनात म्हटलं, हा म्हातारपणाचा कंप. मी काही बोलले की त्या मान थोडी कलती करून माझ्या तोंडाकडे रोखून बघायच्या आणि मगच उत्तर द्यायच्या. मी मनात म्हटलं, हे कमी ऐकू येणं. सगळं तांदळातल्या खड्यांसारखं एकेक वेचून मी बाजूला ठेवत गेले. त्यांना विचारलं मात्र नाही.

प्रयोग रंगला. पहिल्या एंट्रीला मी मान कलती केली, समोरच्या नटाच्या ओठांकडे पाहिलं आणि थिएटर शांत झालं. लोक मला खरोखरच सत्तरीची समजले. त्या बाईंचा पाय बरा झाला तोवर काम माझंच झालं होतं.

वर्षभरानं नाटक मुलुंडला आलं, रविवारी दुपारचा प्रयोग. शेजारणी सासूबाईंना घेऊन आल्या. तोवर त्यांनी माझं काम पाहिलंच नव्हतं. पडद्याच्या फटीतून मला त्या तिसऱ्या रांगेत दिसल्या. इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी. चोरी केलेल्या घरातच चोरीचा माल दाखवायला निघाल्यासारखं वाटलं.

प्रयोगानंतर त्या शेजारणींबरोबर रिक्षानं घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "ती म्हातारी माका वळखीची वाटली."

मी माझ्या बशीत चहा ओतला.

"माझी नक्कल केलंस?"

"हो, आई."

"चुकीची केलंस." त्यांनी कप खाली ठेवला. "मी भैरी नाय गो. माका बरा आयकाक येता. खात्यात मशिनींचो आवाज इतको, की शेजारची बोंबलली तरी आयकाक येयचा नाय. तोंडाकडे बघूनच बोलणा समजायचा. ती सवय."

"आणि हाताचं?" मी विचारलं. "बोटं हलतात ते?"

त्यांनी आपल्याच हाताकडे पाहिलं. ती बोटं हलतात हे त्यांना बहुधा ठाऊकच नव्हतं. मग त्या हसल्या. कपाटातून शिवणाचा दोरा आणला, तोडला आणि माझ्यासमोर धरला. दोन्ही टोकं बोटांत आली, एकदा घासल्यासारखी झाली आणि दोरा पुन्हा अखंड. गाठ कधी बसली ते मला दिसलंच नाही. "धागो तुटलो काय गाठ मारूची," त्या म्हणाल्या. "दिवसभर ताच."

मी वर्षभर ज्याला कंप म्हणत होते ते काम होतं. ती बाई झोपेत गिरणी चालवत होती.

त्या दिवसापासून माझी म्हातारी बदलली. मी थरथरणं सोडून दिलं. स्टेजवर बसले की माझी बोटं कसला तरी धागा शोधू लागायची, आणि कधीकधी मला तो खरंच लागायचा. अशा वेळी पुढचं वाक्य मी बोलत नसून कुणीतरी माझ्यातून बोलतंय असं वाटायचं. घरी सासूबाई तालीम घेऊ लागल्या. "बसताना आधी हात मागे. स्टूल आसा काय बघूचा. नायतर पडशीत." मी बसायचे, उठायचे. त्या करून दाखवायच्या, मी तसंच करायचे. नवरा संध्याकाळी दारात येऊन म्हणायचा, "आमच्याकडे आई किती आहेत?"

मग सिनेमा आला. अंधेरीच्या एका स्टुडिओत. नायकाची आई. नायक माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा होता. तो कॅमेऱ्यासमोर माझ्या पाया पडायचा, आणि लाइट बंद झाले की "काय गं, चहा घेतलास का?" म्हणायचा. स्टुडिओत प्लायवूडचं खेडं उभं होतं. तुळशीवृंदावन हलकं, एका हातानं उचलता येईल असं. शॉटची वाट बघत मी खोट्या ओसरीवर, खऱ्या बाजेवर, पांढऱ्या केसांच्या विगसकट झोपून जायचे. जाग आली की वर पत्र्याचं छप्पर, त्यातून येणारे उन्हाचे बारीक कवडसे, आणि क्षणभर मला माझं वय आठवायचं नाही. सव्वीस, सत्तर, दोन्ही सारखीच खरी वाटायची.

माझ्या मरणाच्या सीनला दिग्दर्शकांनी दीड पानाचं भाषण दिलं होतं. मी ते सगळं बोलले. पण शेवटी, माझ्याही नकळत, बोटं हलत राहिली आणि मग थांबली. त्यांनी तो हात ठेवला, भाषण निम्मं कापलं.

तो सिनेमा बघायला मी सासूबाईंना घेऊन गेले. मरणाचा सीन आला. मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत होते. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावरून सरकत होता. हात थांबला तेव्हा त्यांनी अंधारात माझा हात शोधून घट्ट धरला. बाहेर आल्यावर त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "बरी मेलंय गो मी. पण मरताना इतक्या कोण बोलता?" आणि त्यांना आइस्क्रीम हवं होतं.

पुढे मला आईचीच कामं मिळत गेली. एकोणतिसाव्या वर्षी मी एका निर्मात्याला म्हटलं, मला एकदा तरी माझ्या वयाचं काम द्या. तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. त्या दिवशी घरी येऊन मी आरशासमोर बसून रडले. केस काळेभोर होते. ते कुणाला दिसतच नव्हते.

शेवटी घाटकोपरच्या एका हौशी संस्थेनं विचारलं. नाटक गिरणीतल्या बायकांचं, माझं काम तिशीतल्या कामगार बाईचं. बिदागी रिक्षाभाड्यापुरती. मी हो म्हटलं आणि घरी येऊन सांगितलं, "आई, आता तरुणपण शिकवा."

त्या उठल्या. पदर कमरेला खोचला, फडताळातून माझा डबा घेतला आणि गॅलरीत गेल्या. "गिरणीतली पाळी सुटली काय अशी निघायची मी," म्हणाल्या, आणि चालू लागल्या.

संध्याकाळचं ऊन गॅलरीत आडवं पडलं होतं. पाठ सरळ झाली. पावलं लांब पडू लागली. डबा हातात झुलत होता, मान वर, ओठांवर कुणाची तरी थट्टा ऐकून दाबलेलं हसू. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या, एकीनं हातातलं लाटणंही खाली ठेवलं नाही. मी बघत होते ती माझी सासू नव्हती. ती तिशीतली, दमलेली, खूश, कुणाचीच आई नसलेली बाई होती, आणि ती गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. कठड्याला टेकून खाली रस्त्याकडे बघत बराच वेळ तशीच उभी राहिली. मी हाक मारली नाही.

त्या नाटकाचे सातच प्रयोग झाले. पेपरात दोन ओळी आल्या. माझ्या सगळ्या कामांत मी ते सर्वांत चांगलं केलं, असं मला आजही वाटतं. सासूबाई मात्र एकाही प्रयोगाला आल्या नाहीत. मी दरवेळी बोलवायचे.

"मी बघलंय ना ता," त्या म्हणायच्या. "तू जा. लोकांका दाखव."