मामंजींची गाडी

कल्याणच्या खाडीकाठी आमची लाकडाची वखार होती आणि वखारीत वाफेच्या यंत्रावर चालणारी गोल करवत. लोखंडी मेजाच्या मधून तिचे दात वर आलेले असत. आडवा काप घ्यायचा तर लाकूड तिच्यावर हाताने ढकलावे लागे, आणि माझ्या सासऱ्यांचे, मामंजींचे, हात तेव्हा थरथरू लागले होते. डोळ्यांत मोतीबिंदूही उतरला होता.

मला पुन्हा दिवस गेले होते. पहिले बाळ तापाने गेले होते. या बाळाचा पाळणा मामंजींना स्वतःच्या हाताने करायचा होता. "मी कापून देतो," असे हे म्हणाले, तर मामंजी कितीतरी दिवस यांच्याशी बोललेच नाहीत. हट्टीपणात आमच्या घराचा हात धरणारे गावात कोणी नव्हते.

मग त्यांनी एक गाडी केली. गाडी कसली, रुंद फळीच ती. खाली मेजाच्या खाचांतून सरकणाऱ्या दोन रिपा, वर लाकूड टेकवायला एक आडवी पट्टी. लाकूड तिला टेकवून गाडी ढकलली की हात थरथरला तरी काप वाकडा जायचा नाही. मात्र पट्टी करवतीशी अगदी काटकोनात बसायला हवी.

ते पाहायची युक्ती सोपी होती. फळी कापायची, एक तुकडा पालथा करून कापलेल्या कडा भिडवायच्या आणि उजेडासमोर धरायच्या. फट दिसली तर पट्टी चुकली. मामंजींना ती फट दिसेना. दुपारी गडी जेवायला गेले की ते मला बोलावू लागले.

आता सुनेने सासऱ्यांशी बोलायचे नाही, ही आमच्याकडची रीत. सासूबाई असत्या तर त्यांच्याकरवी सांगितले असते, त्या नव्हत्या. मामंजी भिंतीकडे पाहून म्हणाले, "उजेड दिसला तर बांगड्या वाजव."

मी वाजवल्या. त्यांनी खिळा सैल करून पट्टीला हलकेच ठोकले, पुन्हा कापले. करवत थांबल्यावर मी पुन्हा वाजवल्या. रोज हेच. एकदा त्यांची घामाने भिजलेली बंडी पाहून वाटले, आज गप्प बसावे. एवढ्याशा फटीने पाळणा काही मोडत नाही. पण त्यांचा जीव त्यात किती गुंतला होता, ते मला दिसत होते. मी वाजवल्या. राग आला तो त्या मेल्या पट्टीचा.

मग एका दुपारी फट दिसली नाही. मी तुकडे दाराशी नेऊन पाहिले. नव्हतीच. मी हात स्थिर धरला.

मामंजी बराच वेळ वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "माझी दया नको करूस, पोरी. पहिल्या पाळण्याचा एक पाय आखूड झाला होता. माझ्याच हातून. ते मनातून जात नाही."

पदर तोंडावर तसाच ठेवून मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"उजेड नाही दिसत, मामंजी. आणि बाळ तापानं गेलं."