डाव्या खांद्याशेजारची स्पष्ट जागा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या शांताआत्याचे. आई गेली तेव्हा मी लहान होतो. वडील वीटभट्टीवर होते, मीही तिथंच मोठा झालो असतो. आत्यानं मला उचलून संतपूरच्या शाळेत घातलं, मग बीदरच्या वसतिगृहात. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल — शिकून याचा काय उपयोग झाला?

आमच्या घरात भूत, करणी, उतारा, अंगात येणं काही नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. मी आजही असलं काही मानत नाही... पण जे झालं ते झालं. आणि त्याची मला भीती कमी वाटली, राग जास्त आला. तो अजून गेलेला नाही.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. कंपनी पुण्याची, काम घरून — संतपूर, तालुका औराद, जिल्हा बीदर. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, पाठीमागे भिंत, भिंतीवर आमच्या तसबिरी, आजोबांनी धम्म स्वीकारल्यापासूनच्या. घरून करतात तेही कामच, हे गावाला अजून पटलेलं नाही. हेडफोन लावून बसलो की रस्त्यावरून हाक येते, "कामून रे विजू, आज बी सुट्टीच व्हय?" त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटलं ते मॅनेजरच्या बोलण्याचं.

एका विमा कंपनीच्या ॲपचं काम आलं आणि क्लायंटसोबत व्हिडिओ कॉल सुरू झाले. पहिल्याच कॉलनंतर मॅनेजरचा फोन. "विजय, मागचे ते फोटो... क्लायंटसमोर बरं दिसत नाही. बॅकग्राउंड ब्लर करत जा."

आमच्या टीममध्ये एकाच्या मागे गणपती आहे, एकाच्या मागे गिटार. खुद्द मॅनेजरच्या मागे त्यांच्या गुरूंचा हार घातलेला फोटो आहे. त्यांना कोणी काही बोललं नव्हतं. आमच्याच तसबिरी का खुपल्या, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. डोकं तापलं. तरी बटण दाबलं — नोकरीला वर्षही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये टीममधली शिल्पा हसत म्हणाली, "विजय, शेजारी कोणाला बसवलंयस? आम्हालाही ओळख करून दे की!"

शेजारी कोणी नव्हतं. मी स्क्रीनवर नीट पाहिलं. ब्लर कसं चालतं ते सांगतो — चित्रात माणूस कुठे आहे ते सॉफ्टवेअर ओळखतं, तेवढा भाग स्पष्ट ठेवतं आणि बाकीचं पुसट करतं. माझ्यामागची भिंत पुसट झाली होती. पण माझ्या डाव्या खांद्याशेजारी एक जागा स्पष्ट होती. डोकं, मान, खांदे... बसलेल्या माणसाच्या आकाराची. आत कोणी नाही. त्या आकारातून भिंत लख्ख दिसत होती, आणि भिंतीवरच्या तसबिरीचा कोपरा.

म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबानं तिथं माणूस होता.

बग म्हटला की शोधायचा, ही आमची सवय. खुंटीवरचा शर्ट काढला. खिडकीला पडदा लावला. लॅपटॉप सोडून मोबाईलवरून पाहिलं, ॲप बदललं. आकार तिथंच. स्वयंपाकघरात बसलो तर काही नाही. औरादला मित्राकडे बसलो तर काही नाही. त्या भिंतीपुढे आलो की पुन्हा. एकदा मी खुर्ची डावीकडे ओढली, तर तो जरासा मागे सरकला... मला जागा करून दिल्यासारखा.

मॅनेजर मात्र हा बग आहे हेच ऐकायला तयार नव्हते.

"तुझ्या खोलीत कोण असतं?"

"कोणी नाही सर. सॉफ्टवेअर चुकायलंय."

"चुकायलंय काय, चुकतंय म्हण. हे बघ, क्लायंटचा डेटा आहे. बाहेरचा माणूस स्क्रीन बघतो असं कळलं, तर मी तुला वाचवू शकणार नाही."

मी लॅपटॉप उचलून खोलीचे चारी कोपरे दाखवले. दारामागचं दाखवलं, टेबलाखालचं दाखवलं. झडती दिली म्हणा ना. त्यावर ते म्हणाले, "तुमच्याकडे माणसं येऊन-जाऊन असतातच रे." तुमच्याकडे!

रविवारी कलबुर्गीला गेलो. आत्या आता तिथं मुलीकडे असते. तिला ऐकू फार कमी येतं, म्हणून ती स्वतः गल्लीला ऐकू जाईल असं बोलते. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग दाखवलं. तिनं ते डोळ्याजवळ धरून पाहिलं.

"कोण हाय रे ह्ये?"

"मला वाटलं तूच हाईस," मी गमतीनं तिच्या कानात ओरडलो.

"मुडद्या, मी जिती हाय! माझं भूत कामून करायलास?" मग तिनं स्क्रीनवर बोट टेकवलं. "आन बाकीची भित पुसल्यावानी कामून दिसायलीय?"

मी सांगितलं. तिचं हसू गेलं.

"तुझ्या सायबाच्या घरला भित न्हाई व्हय?"

"हाय. तिच्यावर त्येंच्या गुरूचा फोटो हाय."

"मग त्यो कामून झाकंना?"

मी मोबाईल खिशात घातला.

"आन तू झाकायलास," ती म्हणाली. एवढंच. मी निघालो तरी दारापर्यंत आली नाही.

परत येऊन मी मॅनेजरना कळवलं की ब्लर लावणार नाही. "मग तासभर फोटो काढून ठेव," म्हणाले. तेही करणार नाही म्हटलं. तर त्यांनी कंपनीच्या सेटिंगमधूनच माझा ब्लर चालू करून टाकला. माझ्याकडचं बटणच गेलं.

डेमोच्या दिवशी क्लायंटच्या बाई, आमची टीम, सगळे कॉलवर होते. मॅनेजर माझी ओळख करून देताना इंग्रजीत म्हणाले, "हा खेड्यातून काम करतो. मागे काही भलतंसलतं दिसलं तर समजून घ्या, ही माणसं अशीच—"

आणि थांबले. कारण आकार उठला होता. डोकं वर गेलं, मग खांदे, छाती, हात... स्पष्ट जागा वर वर वाढत गेली आणि आमची तसबीर चौकटीसकट लख्ख दिसू लागली. मी मागे वळून पाहिलं. नुसती भिंत.

मग क्लायंटच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना बसायला सांगा ना. ते उभे का राहिलेत?"

याचं रेकॉर्डिंग आहे, सगळ्यांनी पाहिलं आहे. तरी मॅनेजर म्हणतात, तू खोलीत माणूस लपवला होतास. तसं लिहून दे, माफी माग, विषय मिटवतो. नाहीतर राजीनामा.

कशामुळे झालं, मला सांगता येत नाही. शिल्पानंही तिच्या बाजूनं सगळं तपासलं, तिलाही काही सापडलं नाही. गावात एकानं उतारा सुचवला, त्याला मी दारातून परत पाठवलं. हे वाचून इथं कोणी सुचवला तर त्यालाही तेच.

आत्याला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून पत्र टाकलं, तिची मुलगी वाचून दाखवेल. ते पत्र असं —

आत्यास सप्रेम जयभीम.

तू मला विचारलीस तेच मी सायबाला विचारलो — तुमचा फोटो कामून झाकंना म्हणून. त्यांनी फोन ठेवून दिला.

माफी लिहून न्हाई दिलो. खोलीत माणूस लपवलतो असं लिहिणार न्हाई, मी लपवलो न्हाई. कोणीच नव्हतं असं बी आता लिहवंना. नोकरी बहुतेक जाती. दुसरी बघायलोय, तू जिवाला लावून घेऊ नको.

तसबिरी जिथल्या तिथं हाईत. काचा पुसलो.

आज कॅमेरा लावून बघितलो तर ते परत खाली बसलंय. मी असलं मानत न्हाई, तुला माहीत हाय. तरी तिथं एक खुर्ची ठेवलो. माझ्यासाठी कोणीतरी उभं राहिलं, त्याला बसायला तरी असू दे.

राग धरू नको. यायलीस तर आधी कळव, तुला दुसरी खुर्ची आणतो. तिथली मोकळी न्हाई.

तुझा,
विजू