मागच्या खोलीतल्या दोघी

तार शाळेच्या पत्त्यावर आली. मी सातवीच्या मुलींना फळ्यावर पैनगंगेचं खोरं काढून दाखवत होते. मोठ्या बाईंनी मला दाराशी बोलावलं आणि कागद हातात दिला. शांता अमरावतीला, भाच्याच्या घरी, पहाटे गेली होती... मी वर्गात परतले आणि खोरं पुरं केलं. मुली आता सांगतात की त्या दिवशी मी नदी उलटी वाहवली. वाहवली असेल. थोड्याच दिवसांपूर्वी मी तिला दारव्ह्याच्या स्टेशनवर छोट्या गाडीत बसवून दिलं होतं. गाडी हलता हलता तिनं खिडकीतून खोलीची किल्ली माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "कमल, कपाटातला कडुलिंबाचा पाला बदलत जा. वाळलेलाच घाल हं, ओला घालशील. तुला मी ओळखते." एवढ्या वर्षांची मैत्री, आणि शेवटचं बोलणं पाल्यावर! त्याचा राग मला अजून आहे.

शांता आमच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. डाव्या खांद्यावर ओवलेली सुई खोचलेली आणि पायमशीनच्या तेलाचा एक तरी डाग पातळावर, अशीच ती गावाला माहीत. मध्य प्रदेशातून आपण मुंबई राज्यात गेलो, त्या वर्षी ग्रंथालयाची मागची खोली रिकामी झाली. तिथे कुलूप लागायच्या आत शांतानं ती मागून घेतली. कशाला, तर म्हणे गावातले जुने कपडे ठेवायला. आम्ही सगळ्या हसलो. राजेरजवाड्यांचे शेले कुठेतरी काचेत असतात हे ऐकून होतो, पण दारव्ह्यातली लुगडी आणि पोलकी काचेत? तिचं म्हणणं मात्र साधं होतं. आमच्याकडे मेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात, नाहीतर त्यांची गोधडी होते. मग आपल्या आज्या काय नेसत होत्या ते नातींना कळायचं कसं?

खोलीचे नियम दोनच. एक, अंगावरून उतरलेलंच घ्यायचं. बाजारपेठेतल्या एका कापडवाल्या शेटजींनी घडी न मोडलेला शालू देऊ केला, तर हिनं तो परत पाठवला. "नवं कापड तुमच्या दुकानात शोभतं," असं वर ऐकवलं. दुसरा नियम, डाग धुवायचा नाही. त्या डागांवरून ती बोटं फिरवत वाचल्यासारखं सांगायची. कापूस वेचणारीचं लुगडं बघ, ओटीपाशी कसं बोंडांनी ओरबाडलंय. ही चोळी गाठीची, ही गुंड्यांची, आणि ही फुग्याच्या बाहीची म्हणजे गावात तंबूतला सिनेमा आल्यानंतरची. बोरी अरबजवळच्या तांड्यावरच्या झमकीबाईनं आपल्या आईची कांचळी दिली होती, ती बंजारा बायकांची आरशांची चोळी. तिच्यावरचे जुने आरसे जाड आणि मंद, मधूनच एखादा लखलखीत. "हा यात्रेतून आणलेला," शांता म्हणायची, "म्हातारपणी पुन्हा हौस आली बाईला." मला इतिहास सनावळीतच कळत होता. तिच्यामुळे तो बाहीच्या लांबीत दिसायला लागला.

कपडे मिळाले, पण घालायचे कशावर? शांताचा हट्ट असा, की कपडा अंगावर दिसला पाहिजे, दोरीवर वाळत घातल्यासारखा नको. तेव्हा वकिलीणकाकू धावून आल्या. त्यांच्याकडे महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींसाठी, पत्र्याची नवी धडं आली होती, म्हणून सागवानी जुनी जोडी त्यांनी खोलीला दिली. मुखवटे अर्थात घरीच राहिले. झालं, शांतानं ज्येष्ठेला लुगडं नेसवलं, कनिष्ठेला कांचळी आणि फेटिया, म्हणजे बंजारा बायकांचा घेरदार घागरा, आणि दारं उघडली. पहिल्याच बाजारच्या दिवशी बायका आल्या, दोघींकडे बघितलं, आणि चपला बाहेर काढल्या! मुखवटे नसले म्हणून काय झालं, अंग तर देवीचंच. कुणी मानेच्या लाकडाला हळदकुंकू लावलं, कुणी ओटी भरली. कांचळीवर कुंकू सांडलेलं बघून शांताच्या तोंडचं पाणी पळालं. पाटी लावली, उपयोग नाही. शेवटी तिनं उंबऱ्याशी एक नारळ ठेवला आणि प्रत्येकीला दटावून सांगायला लागली, "कुंकू इथे! आत फक्त बघायचं." भाद्रपदात तर बायका घरच्या महालक्ष्म्यांचं आटोपून "चला, मागच्या खोलीतल्या दोघींना भेटून येऊ" म्हणत यायच्या. वकिलीणकाकू सगळ्यांच्या पुढे. "दिल्या तरी लेकीच त्या आमच्या," म्हणायच्या.

दर काही महिन्यांनी दोघींचे कपडे बदलत. एकदा बदलायच्या दिवशी शांतानं घरून एक गाठोडं आणलं. आत आलवण होतं. हल्लीच्या मुलींसाठी सांगते, केस काढलेल्या विधवेनं जन्मभर नेसायचं ते तांबडं लुगडं. मी हात लावला तर घड्या कडक, काठ कोरा. कुणी कधी नेसलेलंच नव्हतं. "अगं, तुझा नियम?" मी विचारलं. तिनं सांगितलं, ते मी वीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा ऐकलं. ती जेमतेम सोळाची असताना नवरा गेला. सासूनं हे आलवण आणवून ठेवलं, न्हावी ओसरीवर येऊन बसला, आणि त्याच दुपारी तिचा थोरला भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. भांडून घेऊन आला तो तिला. घाईत बांधलेल्या गाठोड्यात हेही आलं. तेव्हापासून ते तिच्या ट्रंकेच्या तळाशी होतं. "अर्ध्या गावच्या म्हाताऱ्या हे नेसून गेल्या," ती म्हणाली, "आणि आपल्या खोलीत ते नाही. कुणी देतच नाही गं. लग्नाचं सगळे देतात."

आलवण कनिष्ठेला नेसवणार हे वकिलीणकाकूंना कळायला वेळ लागला नाही. त्या आल्या त्या थेट कनिष्ठेच्या पुढे आडव्या उभ्या राहिल्या. "महालक्ष्मीच्या अंगावर आलवण? शांताबाई, तुम्हाला काही वाटतं की नाही? तसंच असेल तर धडं परत न्यायला गडी पाठवते." ग्रंथालयाची मंडळी घाबरली. धडं गेली तर खोलीत उरतं काय? मी काकूंशी भांडायला निघाले होते, पण शांतानंच मला मागे ओढलं. आलवण शेवटी भिंतीवरच्या खुंटीला लागलं, दोरीवर वाळत घातल्यासारखं. सगळे गेल्यावर ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "नियम मोडला म्हणालीस ना तू," ती म्हणाली, "मी हे नेसले नाही गं कधी... पण माझ्या अंगावरून उतरलंही नाही. वाटलं होतं, त्या लाकडावर चढवलं की उतरेल." मी नुसती तिच्याजवळ उभी राहिले.

पुढच्या बाजारी झमकीबाई आली. दर बाजारला ती आपल्या याडीची, म्हणजे आईची, कांचळी बघून जायची. खुंटीपाशी थबकली.

"हे कोनाचं व बाई?"

"माझं."

"तुमी नेसलं होतं?"

"नाही."

झमकीबाईनं पदर मागे सारला. "आमच्यातबी नवरा मेला का कोपराच्या वरच्या बांगड्या काढून घेतेत. माह्याबी काढल्या," तिनं आपला रिकामा दंड दाखवला. मग आलवणाकडे बघून म्हणाली, "टांगेलच राहू द्या. खाली उतरवू नोका." शांता त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसली, आणि दोघी दारात बसून पान खात राहिल्या. शाळेतल्या बाईनं दारात बसून पान खावं का, यावर गावात चर्चा झाली ती वेगळीच.

शांता आषाढात गेली. भाच्यानं तिचे कपडे गरीब मुलींना वाटायला म्हणून शाळेत पाठवले. मी सगळे वाटले, एक ठेवून घेतलं. बारीक काठाचं जांभळट पातळ, गुडघ्याशी मशीनच्या तेलाचा डाग. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी मी खोली उघडली, पाला बदलला (वाळलेलाच), आणि ते पातळ कनिष्ठेला नेसवलं. खांद्यावर ओवलेली सुई खोचली. विधवेचं रोजचं पातळ, देवीच्या धडावर. काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि या खेपेला मला मागे ओढायला शांता नव्हती. मी पदर खोचूनच उभी होते.

दुपारी बायका आल्या, वकिलीणकाकू पुढे. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून त्या अगदी जवळ गेल्या. पातळ चाचपलं. हात तेलाच्या डागापाशी थांबला, मग वर खांद्याकडे गेला आणि सुई बोटाला लागली.

"शांताबाईचं," त्या म्हणाल्या.

"हो. आणि ते काढायचं नाही," मी म्हटलं.

त्यांनी बोट पदराला पुसलं. मग त्यांनी करंडा उघडला आणि कनिष्ठेच्या मानेला कुंकू लावलं. "माहेरवाशीण आहे," त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या. "तशीच कशी पाठवू?"

नीट दिसत नव्हतं, म्हणून चिमूटभर कुंकू खाली पातळावर सांडलं. ते झटकायला माझा हात पुढे गेला आणि तिथेच राहिला. शांता असती तर आम्हा दोघींना फैलावर घेतलं असतं. "काकू, उंबऱ्याशी नारळ काय शोभेला ठेवलाय?" म्हणाली असती, आणि पुढची चार वर्षं आम्हाला ऐकवत राहिली असती... पण सांडलं ते सांडलं. आता तो डाग झाला, आणि तिच्या खोलीत डाग धुवायचा नाही.