आईची चौथी ठेव

जुलैचा दुसरा रविवार, सकाळी दहा. साताऱ्यात आईच्या घरी हजर: आई, वय शहात्तर, पाचगणीला शाळेत शिकवणारी धाकटी बहीण, आणि सांगलीहून पहिल्या एसटीनं आलेली मी. काम: आईचं आयकराचं विवरणपत्र.

बाबा गेल्यापासून आईची फाईल मी सांभाळते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद, तीन ठेवींच्या पावत्या, पासबुक, सगळं क्रमानं. एप्रिलमध्ये साताऱ्याच्या बँकेत जाऊन तिचा पंधरा-एच फॉर्मही मीच भरते, म्हणजे बँक व्याजातून कर कापत नाही. बहीण या कामाला कधी आली नव्हती. यंदा आली, आणि आईला भाकरीचं पीठ मळून देत बसली.

मी आयकराच्या पोर्टलवरचं वार्षिक माहितीपत्रक उघडलं. माझ्या यादीत ठेवी तीन, तिथं व्याज चार ठेवींचं. चौथी पाचगणीच्या एका दुसऱ्याच बँकेतली, आणि तिच्यावर करही कापलेला.

"आई, पाचगणीला ठेव कुणाची?"

"माजीच की. तुज्या बाबांची मोठी पावती सुटली न्हवं का, ती तिकडं ठिवली. हिच्याकडं ऱ्हायला गेल्ते तवा."

"दुसरं नाव?"

"हिचं घातलंय."

बहीण पिठाकडंच बघत होती.

साताऱ्याच्या तिन्ही ठेवींवर आईचं एकटीचं नाव आहे. वारस आम्ही दोघी, निम्म्या-निम्म्या. तसं करायला मीच सांगितलं होतं, पुढं भांडण नको म्हणून. माझं नाव घाल, असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

"मला सांगितलं नाहीस."

"आगं, तुला सांगिटलं की तू इचारत बसतीस. किती वरसं, किती टक्के, वारस कोण. ही काय इचारत न्हाई. जा म्हटलं की गाडी काढती."

"आणि पंधरा-एच?"

"तू भरला हुतास की एप्रिलात."

एकदा भरला की सगळीकडं चालतो, अशी तिची समजूत. प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो, हे मी तिला सांगितलं नव्हतं, कारण दुसरी बँक असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"ताई, ते व्याज मी माझ्या रिटर्नमध्ये दाखवू का?" बहिणीनं विचारलं.

"नको. पैसे आईचे, व्याज आईचं. तुझं फक्त नाव."

"म्हंजे मला काय न्हाईच की," बहीण हसून म्हणाली.

मला हसू आलं नाही. जेवून तीनच्या गाडीनं मी निघाले.

सांगलीला विश्रामबागेत घरी आल्यावर दोन्ही करपद्धतींनी हिशेब केला. जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना व्याजावर पन्नास हजारांपर्यंत सूट आहे, तरी थोडा कर निघत होता. नव्या पद्धतीत ती सूट नाही, पण कर शून्य. मी तो पुन्हा मांडून पाहिला, आणि काही तरी भरायला लागावं असं मला वाटत होतं. चौथ्या ठेवीमुळं आईला भुर्दंड पडला असता, तर मला ते फोन करून सांगता आलं असतं. पण शून्यच आला. कापलेला कर सगळा परत मिळणार होता.

चौथी ठेव यादीत लिहिली. दुसऱ्या नावाचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता, तो नवीन आखला. विवरणपत्र दाखल केलं. मग पडताळणीसाठी आधारचा ओटीपी मागितला. गेल्या वर्षापर्यंत तो आईच्या फोनवर यायचा आणि ती एकेक आकडा मोठ्यानं वाचायची. आता स्क्रीनवर दिसलेले शेवटचे आकडे बहिणीच्या नंबरचे होते. आधारला जोडलेला नंबरही पाचगणीलाच बदलून घेतला असणार.

तिला फोन करायचा, आकडे विचारायचे, एवढंच काम. तीस दिवसांत पडताळणी झाली नाही तर भरलेलं वाया जातं आणि आईचा परतावा अडकतो. आज अकरावा दिवस. यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर खूण झाली आहे. ई-पडताळणी बाकी.